तुमची बस वस्तीची करा

प्रति,
पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्यांचे मालक आणि बसच्या पुढच्या सीटवर माईक घेऊन बसणारे सहल व्यवस्थापक

विषय : सावंतवाडीस दिलेला पाऊण तास वाढवून एक रात्र करण्याबाबत

स. न. वि. वि.

मी तुमच्याच धंद्यातला माणूस. एसटीत तेहतीस वर्षं कंडक्टर होतो, त्यातली बहुतेक सावंतवाडी डेपोत गेली. माणसं मोजून गाडीत घालायची, वेळेवर उतरवायची, मधे कुणाला घाट लागला तर गाडी थांबवायची, आणि ‘अजून दोन माणसं यायचीत हो’ म्हणणाऱ्या बाईकडे बघून घंटी मारायची की नाही ते अर्ध्या सेकंदात ठरवायचं. तुम्ही जे करता तेच मी केलं, फक्त माझ्याकडे माईक नव्हता. तेव्हा हे पत्र तक्रार म्हणून वाचू नका. एका कंडक्टरने दुसऱ्या कंडक्टरशी वेळापत्रकाबद्दल बोलावं, तसं समजा.

निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी मी मोती तलावाच्या काठावर असतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. तळ्याला एक फेरी मारतो आणि दोन फेऱ्यांचा वेळ बाकावर बसतो. तुमच्या गाड्या पावणेअकराच्या सुमारास येतात. आदली रात्र मालवण, पुढची रात्र गोवा, मधे आम्ही. दार उघडतं, व्यवस्थापक खाली उतरतो, टाळी वाजवतो आणि सांगतो, “फक्त पाऊण तास हं! साडेअकराला गाडी सुटेल, लंच पणजीला आहे!” मग पाच मिनिटं तळ्याचे फोटो, पंधरा मिनिटं राजवाडा, वीस मिनिटं लाकडी खेळणी आणि पाच मिनिटं बाथरूमची रांग. मी घड्याळ लावून बघितलंय. वेळापत्रकात आयुष्य गेलेल्या माणसाची ही खोड आहे, जायची नाही.

गाडीतून उतरलेलं कुणी ना कुणी माझ्याकडे येतं. “काका, इथे बघण्यासारखं काय आहे?”

मी तळ्याकडे बोट दाखवतो. ते तळ्याकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात, आणि “हो, ते बघितलं” म्हणून चितार आळीचा, म्हणजे लाकडी खेळण्यांच्या दुकानांच्या गल्लीचा रस्ता विचारतात. त्यांचं चुकत नाही. सकाळी अकराच्या उन्हात मोती तलाव म्हणजे पाण्याने भरलेलं एक मोठं परातभांडं दिसतं. ते बघण्याची ही वेळच नव्हे.

वाडी (आम्ही नुसतं वाडीच म्हणतो, पूर्वी सुंदरवाडी म्हणत) हे बाजूने जाणाऱ्यांचं गाव आहे, हे मला मान्य आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा गोव्याला जाणारी प्रत्येक गाडी तळ्याच्या काठाने जायची. खिडकीतून निदान डोकं बाहेर काढून लोक विचारायचे, “हे कुठलं गाव?” मग १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, पण सावंतवाडी रोड स्टेशन झालं मळगावात, गावाबाहेर. मग झाराप-पत्रादेवी बायपास झाला आणि महामार्गही बाहेरून गेला. २०२३ मध्ये गोव्यातल्या मोपाला विमानं उतरू लागली, ती तर हद्दीपलीकडे. सोय वाढली की आमच्याकडे येणारा माणूस आणखी थोडा लांबून जातो. तुम्ही निदान वळून आत येता, एवढ्यासाठी तुमचे आभार मानले पाहिजेत. मानतो. आता मुद्द्याचं.

एसटीत ‘वस्तीची गाडी’ नावाचा एक प्रकार असतो. तुमच्यातल्या तरुण पोरांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन गाडी आडगावाला जाते, रात्री तिथेच उभी राहते, आणि पहाटे गावातली माणसं, दुधाचे कॅन आणि कॉलेजची पोरं घेऊन परत येते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या पडवीत नाहीतर शाळेच्या खोलीत पथारी टाकतात. डेपोत वस्तीची ड्युटी लागली की नवीन पोरगा तोंड वाकडं करतो आणि जुना माणूस काही न बोलता पिशवीत लुंगी आणि टॉर्च टाकतो.

मी शिरशिंग्याला पुष्कळ दिवस दुपारच्या फेरीने गेलो. मनोहर-मनसंतोष गडाच्या पायथ्याचं गाव. दहा मिनिटं गाडी थांबायची, चहा प्यायचा, घंटी मारायची. विचाराल तर त्या दिवसांतलं मला तिथलं फारसं काही आठवत नाही. मग एका पावसाळ्यात वस्तीची ड्युटी लागली. अंधार पडल्यावर गडाचा आकार आधी काळा होतो आणि मग आभाळातच विरघळतो, हे तेव्हा पहिल्यांदा बघितलं. रात्री कुणाच्या गोठ्यात गाय व्याली म्हणून सगळं गाव जागं. पहाटे पाचला एका घरून पेजेचं भांडं आलं, वर लोणच्याची फोड. “तिकीट काढायचा हा, पण आधी पेज खावा,” असं भांडं घेऊन आलेल्या म्हातारीने सांगितलं. तिने त्यानंतर कधी माझ्याकडे सुट्ट्या पैशांवरून वाद घातला नाही. दुपारच्या फेरीला घालायची.

मला तुमच्याकडे हेच मागायचंय. तुमची गाडी आमच्याकडे वस्तीची करा. दुपारी चारला आणा आणि दुसऱ्या दिवशी अकराला न्या.

हे मी हवेत बोलत नाही, एकदा झालंय. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात तुमच्यापैकीच एकाची बस आमच्या तळ्याकाठी बंद पडली. कंपनीचं नाव घेत नाही, त्या बिचाऱ्यांचा दोष नव्हता. क्लचप्लेट गेली होती. एकोणतीस पाहुणे, एक व्यवस्थापक. तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा, पहिलीच मोठी सहल. मेकॅनिक सुटा भाग घेऊन यायला रात्र होणार, म्हणजे गाडी सुटणार दुसऱ्या दिवशी. पोराचा चेहरा बघून मला माझी पहिली कॅश शॉर्ट आलेला दिवस आठवला. मी बाकावरून उठलो. तीन लॉज आणि दोन घरगुती मुक्काम फोनवरून गाठून तासाभरात सगळ्यांची सोय लागली. एक गृहस्थ तेवढे प्लास्टिकची फाईल काढून बसले. गोव्यातल्या हॉटेलचे पैसे, समुद्रावरच्या संध्याकाळचे पैसे, मानसिक त्रासाचे पैसे. त्यांनी त्या पोराला चांगला अर्धा तास उभा केला.

बाकीचे साडेपाचला फिरून तळ्यावर आले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

आता ती वेळ कशी असते ते सांगतो. मोती तलाव १८७४ साली बांधला. एका बाजूला राजवाडा, एका बाजूला बाजार, मागे नरेंद्र डोंगर. सूर्य कलला की डोंगराची झाडी पाण्यात उतरते आणि पाणी हिरवट काळं होतं. बाजाराच्या बाजूचे दिवे एकेक करून लागतात, ते पाण्यात लांबलचक पडतात. राजवाड्याच्या बाजूला मात्र बराच वेळ अंधारच असतो. ऑफिस सुटलेले लोक, शिकवणीची पोरं, पदर खोचून तरातरा चालणाऱ्या बायका, कठड्यावर बसलेली म्हातारी माणसं, सगळी वाडी त्या वेळी तळ्याभोवती एक फेरा घालते. कुणी कुणाला ‘गुड ईव्हनिंग’ म्हणत नाही. “खय?” “हयच.” एवढ्यावर भागतं. गणपतीत हेच तळं आमचे गणपती पोटात घेतं, दीड दिवसांचे, पाच दिवसांचे, मोठे, छोटे. पोरं मोठी होऊन मुंबईला गेली तरी फोनवर आधी विचारतात, तळ्यात पाणी किती आहे. तुमचे पाहुणे त्या फेऱ्यात सामील झाले तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत जोरजोरात बोलत होते. दुसऱ्या वळणापर्यंत आवाज आपोआप खाली आला. मी मागून चालत होतो, म्हणून सांगतो.

त्या गटात एक नऊ-दहा वर्षांची मुलगी होती, आजीबरोबर आलेली. सकाळी राजवाड्यात तिने गंजिफा, म्हणजे आमच्याकडचा गोल पत्त्यांचा जुना खेळ, बघितली होती. तिथे दरबार हॉलमध्ये कलाकार बसून ब्रशने पत्ते रंगवतात, ते तुमच्या पंधरा मिनिटांत सगळ्यांना दिसतं. तिने विचारलं होतं, “पत्ता गोल आहे, मग हातात धरायचा कसा?” उत्तर मिळायच्या आत बाहेर टाळी वाजली. संध्याकाळी तिने तोच प्रश्न मला विचारला.

खरं सांगायचं तर मला रमी येत होती, गंजिफा नव्हती. वाडीत जन्म गेला, तरी हा खेळ मी निवृत्तीनंतर शिकलो, आणि गावात तो येणारी माणसं आता शोधावीच लागतात. जवळजवळ मेलेलीच होती ही कला. वाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी नावाच्या म्हाताऱ्या कारागिराला गाठलं, स्वतः शिकले, आणि १९७१ साली राजवाड्यातच लाखकामाचा कारखाना सुरू केला, म्हणून आज निदान पत्ते तरी आहेत. हाताने रंगवलेला संच मला परवडत नाही. माझ्याकडे छापील आहे. तो घेऊन मी लॉजवर गेलो.

दशावतारी गंजिफेत १२० पत्ते. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते, एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. खेळायला तीन जण लागतात, म्हणजे प्रत्येकी चाळीस पत्ते. ते गोल चाळीस पत्ते एका हातात धरणं, तेच मुलीला विचारायचं होतं. निम्म्या अवतारांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, निम्म्यांत उलटं, त्यामुळे आमच्या वयाला डोकं जड होतं. तिचं झालं नाही. आणि एक नियम तिला भारीच आवडला. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची, रात्री कृष्णाचा ज्याच्याकडे त्याने. लॉजच्या व्हरांड्यात ट्यूबलाइट लागली होती.

“म्हणजे आत्ता कृष्ण,” ती म्हणाली. “आणि अकरा वाजता इथे आलो होतो, तेव्हा खेळलो असतो तर?”

“तर राम.”

तिने थोडा वेळ विचार केला. “तेव्हा कुणीच खेळत नव्हतं.”

कृष्ण आजीकडे निघाला. आजींनी आम्हाला दोघांनाही हरवलं.

चितार आळीचंही तसंच. सकाळी तुमची चाळीस माणसं एकदम दुकानात शिरतात, तेव्हा दुकानदार फक्त भाव सांगतो आणि पिशवी भरतो. संध्याकाळी सातनंतर तोच माणूस स्टूल पुढे करतो. लाकडी फळांची टोपली कुणी उचलली तर सांगतो, हे केळं पांगाऱ्याचं, वजनाला बघा किती हलकं. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून अंगभर चढते, ते मागच्या खोलीत नेऊन दाखवतो. त्या रात्री एका बाईंनी तिथे सातशे रुपयांचा चौरंग घेतला. सकाळी त्यांनी तोच ‘महाग आहे हो’ म्हणून ठेवला होता. वाडीची खेळणी आणि गंजिफा, दोन्हींना आता भौगोलिक मानांकन मिळालंय. पण कागदावरचं मानांकन पिशवीत उतरायला तो स्टुलावरचा अर्धा तास लागतो.

जेवणं झाली. त्या दिवशी जवळच्या एका गावात जत्रा होती. मी सहज म्हटलं, दशावताराचं नाटक आहे, येणार का कुणी? अकरा जण निघाले, चार रिक्षा केल्या. फाईलवाले गृहस्थ झोपायला गेले.

तुम्ही तुमच्या गोव्यातल्या हॉटेलात ‘कल्चरल इव्हनिंग’ ठेवता. स्टेजवर धूर, मागे स्क्रीन. आमचा दशावतार देवळासमोर होतो, आणि नेपथ्य म्हणजे एक बाकडं. ते कधी सिंहासन असतं, कधी डोंगर, कधी पलंग. बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. नट स्वतःचं ट्रंक स्वतः उचलून येतात, स्वतःचा रंग स्वतः लावतात, आणि दिवसा बागेत नाहीतर दुकानात काम केलेला पुरुष रात्री शालू नेसून असा उभा राहतो की बायका आपला पदर सावरतात. संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरलेली, बोलणं जागच्या जागी. पालखीची प्रदक्षिणा झाल्यावर, मध्यरात्रीनंतर खेळ उभा राहतो. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, आणि मग काळ्या झग्यातला, काळ्या मुखवट्याचा संकासुर. हा वेद चोरून आणतो आणि प्रेक्षकांशी अस्सल मालवणीत हुज्जत घालतो. कुणाची जमीन, कुणाचं लग्न, कुणाचा सरपंच, काहीच सोडत नाही. शेवटी विष्णू येऊन त्याला मारतो, पण तोवर हशा त्याने लुटलेला असतो.

आमच्या रिक्षावाल्याने मागे जाऊन रंगवाल्यांच्या कानात काय घातलं कोण जाणे. संकासुर बाकड्यावर चढला, समोर बसलेल्या स्वेटर-टोप्यांच्या रांगेकडे बोट दाखवून ओरडला, “वेद मिया चोरलंय, पण तुमची क्लचप्लेट काय मिया चोरूक नाय!”

सगळं गाव वळून बघायला लागलं. व्यवस्थापक पोरगा एवढा हसला की त्याला ठसका लागला. दिवसभरात पहिल्यांदा.

मुलगी तीनच्या सुमारास आजीच्या मांडीवर झोपली. आजी मात्र पहाटे खेळ संपताना दहीहंडी फुटेपर्यंत एकाच जागी मांडी घालून बसल्या होत्या, हातात खाज्याचा पुडा. गुळात घोळवलेलं, आल्याच्या चवीचं आमचं खाजं. दातांची काळजी घ्या म्हटलं, तर म्हणाल्या, “दात माझे नाहीतच, कंपनीचे आहेत.” परतताना रिक्षात कुणीच बोलत नव्हतं.

गाडी अकरा वाजता दुरुस्त झाली. फाईलवाले गृहस्थ सहालाच उठून एकटे नरेंद्र डोंगरावर जाऊन आले होते. मारुतीच्या देवळापर्यंत सिमेंटचा रस्ता जातो, पण दोन्ही बाजूंना खरी झाडी आहे. त्यांना धनेशाची जोडी दिसली. नुकसानभरपाईबद्दल पुढे काय झालं ते मला माहीत नाही. बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला ते मोबाइलवर धनेशाचा फोटो दाखवत होते, एवढं बघितलं. फोटोत फांदीच जास्त होती.

तुम्ही म्हणाल, काका, हे एकदा जमलं, रोज कसं जमेल? बरोबर आहे. काही गोष्टी तुमच्या पद्धतीने जमणारच नाहीत. तुमची सहलींची पत्रिका जूनमध्ये छापून तयार असते. आमच्या जत्रा तिथीने येतात, कार्तिकापासून पुढे उन्हाळ्यापर्यंत. त्रिपुरारी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणाची जत्रा, ती मोठी, ती तुम्हाला सापडेल. पुरुष देवळाभोवती लोळत लोटांगण घालतात, बायका उभ्याने. शिमग्यात कुणकेरीचा हुडा. हुडा म्हणजे शंभरेक फूट उंच लाकडी मनोरा, त्यावर अवसारी, म्हणजे अंगात देव आलेली माणसं, चढतात आणि खालून लोक दगड मारतात. तो लांब उभं राहून बघायचा, आणि हौसेने दगड उचलायचा नाही. पण बाकीच्या पन्नास छोट्या जत्रा कुठल्या गावाला कुठल्या तिथीला, हे कॅलेंडरात नसतं. ते वस्तीच्या गाडीच्या कंडक्टरला विचारावं लागतं. नाहीतर सकाळच्या मासळी बाजारात. जत्रा नसेल त्या रात्री गंजिफा आहे, तळं आहे, लवकर झोप आहे. पत्रिकेत ‘रात्री : काही नाही’ असं छापायची हिंमत कराल का? मी तुम्हाला गिऱ्हाईक मिळवून देतो.

पावसाळ्यातल्या आंबोलीबद्दल मात्र हात जोडून सांगतो. आंबोली आमच्यापासून तीसेक किलोमीटर, घाट चढून. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तुम्ही पन्नास सीटर गाडी घेऊन दुपारी धबधब्याखाली थांबता आणि तिथे आधीच कुणीतरी गाडीचे दरवाजे उघडे टाकून गाणी लावलेली असतात. मी त्या घाटातून बेळगावच्या गाड्या वर्षानुवर्षं नेल्यात. शनिवार-रविवारी धबधब्यापाशी पाण्याच्या आवाजापेक्षा माणसांचा आवाज मोठा असतो. वाडीत वस्ती असेल तर हे टाळता येतं. सात-आठ जणांचा गट करून, तिथल्याच जाणत्या पोराला बरोबर घेऊन रात्री वर जा. पाण्यावर लोंबणाऱ्या पानांवर फेसाची घरटी करणारा मलबारचा उडता बेडूक, आंबोलीतच सापडणारा आणि २००९ मध्ये शास्त्रात नोंदला गेलेला भेक, हे बघायला अंधार आणि गप्प बसणारी माणसं लागतात. हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात २०२० साली माशाची नवीन जात नोंदली गेली. आम्ही लहानपणापासून त्या कुंडात पाय बुडवत आलो, मासे पायाला लुचायचे. त्यातला एक जगाला माहीत नसलेला आहे हे आम्हालाही माहीत नव्हतं. आता कुंडाला संरक्षण आहे. पाय आणि चिप्सची पाकिटं दोन्ही बाहेर ठेवा. पहाटे परतताना दरीतून शीळ येईल, एखाद्या टवाळ पोराने वाजवावी तशी, तो कस्तुर पक्षी. गाडीचा हॉर्न मारून त्याला उत्तर देऊ नका. एका ड्रायव्हरने दिलं होतं.

आता आमचं. पाहुण्याला बोलावताना आपलं घरही दाखवायला हवं. आमच्याकडे एकाच वेळी चार बसगाड्या भरतील एवढ्या चांगल्या खोल्या नाहीत. म्हणून म्हणतो, शनिवार सोडा, मधल्या वारी या, आणि एका दिवशी एकच गाडी. स्वच्छतागृहांची लाज वाटते, ती मी झाकत नाही. चितार आळीत काही दुकानांत बाहेरगावाहून आलेला माल ‘वाडीचा’ म्हणून खपवला जातो. दुकानदाराला सरळ विचारा, हे कुणी केलं? जो नाव सांगेल त्याच्याकडून घ्या. रिक्षाचे भाव आधी ठरवा. आमचे रिक्षावाले वाईट नाहीत, पण पुण्याची नंबरप्लेट दिसली की त्यांना पेट्रोलचा भाव आठवतो. जेवणात पनीर मागू नका. मागाल तर मिळेल, पण करणाऱ्या बाईचं मन त्यात नसतं. तिला विचारा, आज काय आहे. मार्च-एप्रिल असेल तर ओल्या काजूगरांची उसळ, एरवी तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, सकाळी घावणे. शाकाहारी मंडळींनी नाराज व्हायचं कारण नाही, फणस त्यांच्या बाजूने आहे.

पैशाचंही बोलतो, कारण तुमचं गणित मला कळतं. एक रात्र वाडीत म्हणजे एक रात्र गोव्यात कमी. डिसेंबरात गोव्यातल्या खोलीचे दर काय असतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. वाडीहून पणजी साठ किलोमीटरच्या आत आहे. सकाळी अकराला सुटलात तर जेवायला पणजीतच असाल, तुमचं ते लंच कुठेही जात नाही. एक गाडी करून बघा. नाही चाललं तर बाकावर येऊन मला चार शब्द सुनवा. कंडक्टरला ऐकायची सवय असते.

शेवटी एक निरोप, ज्या कंपनीची क्लचप्लेट गेली होती तिच्यासाठी. त्या आजींची मरून रंगाची शाल जत्रेहून येताना रिक्षात राहिली. रिक्षावाल्याने ती माझ्याकडे आणून दिली. एसटीत राहिलेली वस्तू डेपोत जमा करून पावती घ्यायची, हा नियम मी तेहतीस वर्षं मोडला नाही. मी तुमच्या ऑफिसात फोन केला, तर तिकडून सांगितलं, कुरिअरने पाठवा, खर्च देऊ. मी पाठवलेली नाही. धुऊन, घडी करून, गंजिफेच्या डब्याखाली ठेवली आहे. आजींना सांगा, स्वतः येऊन घेऊन जावी. आणि येताना नातीला घेऊन यावं, तिचा एक डाव माझ्याकडे बाकी आहे.

आपला,
मोती तलावाच्या बाकावरचा एक निवृत्त कंडक्टर
सावंतवाडी